उजव्या कडेनं चालणारे बशीरमामू

बशीरमामू पायी चालतानाही हात दाखवून वळायचे.

बाजाराच्या रस्त्यावरून आमच्या गल्लीत शिरायचं असलं की आधी थांबणार, मान वळवून मागे पाहणार, हात खांद्याइतका उचलून लांब करणार आणि मगच वळणार. मागून येत असायची एखादी म्हैस. पण मामूंनी म्हशीला कधी अंधारात ठेवलं नाही. तिला रीतसर इशारा मिळायचा.

बरं, एवढे कायदे पाळणारा माणूस चालायचा मात्र रस्त्याच्या उजव्या कडेनं. सारं रिसोड डाव्या अंगानं जाणार आणि मामू समोरून तुमच्या अंगावर येणार. संध्याकाळी तर मामीला घेऊन. मी तेव्हा कापसाच्या एका जिनिंगच्या शेठची जीप चालवायचो. रोज त्या वेळेला हे जोडपं माझ्या जीपच्या तोंडासमोर. मी हॉर्न दाबून दाबून थकायचो. मामू हसून सलाम करायचे, मामी पदर सावरायची, आणि दोघं होते तिथूनच सावकाश पुढं निघून जायचे. माझं डोकं फिरायचं. एकदा मी जीप थांबवून म्हटलंही, "मामू, हे बसरा नाही, रिसोड हाय. कोनी उडवलं म्हंजे?"

मामू म्हणाले, "उस्ताद, आदत है."

बसऱ्याची गोष्ट अशी. मामूंचे वडील मूळचे आमच्याकडचे. तरुणपणी इराकात बंदराच्या कामावर गेले ते तिकडचेच झाले. मामूंचा जन्म बसऱ्याचा, उभी हयात तिथं ट्रक चालवण्यात गेलेली. हिंदुस्थानात ते एकदाच आले होते, लग्नापुरते. पैनगंगेच्या काठच्या एका खेड्यातली जुबेदामामी त्यांनी केली आणि घेऊन गेले. आता नोकरी संपली, पोरबाळ नव्हतंच, तेव्हा दोन पेट्या घेऊन दोघं रिसोडला येऊन राहिले. मामी आपल्या मुलखात परत आली होती. मामूंना मात्र सगळंच नवीन. भाषा घरी ऐकलेली, पण आमच्या हवेशी, चहाशी आणि बैलगाड्यांशी त्यांची ओळख नव्हती.

मामीची म्हातारी आई त्या खेड्यात अंथरुणाला खिळलेली होती. लेक देशात आली हे तिला कळलं होतं. रोज विचारायची म्हणे, जुबेदा कुठपर्यंत आली? गाव फार लांब नव्हतं, पण एसटी जात नव्हती. मामीचे गुडघे गेलेले. डॉक्टरनं सांगितलं म्हणून संध्याकाळी हळूहळू चालायची तेवढंच. बैलगाडीचे हिसके तिला सोसण्यासारखे नव्हते.

मी शेठला विचारलं. शेठ भला माणूस, म्हणाला, ने जीप. मी उड्या मारत मामूंकडे गेलो. मामूंनी मला बसवलं, दूध नसलेला काळा चहा पाजला आणि नाही म्हणाले.

"कायले नाही?" मी म्हटलं.

"जिसने उठाया, उसीने रखना."

हे मामूंचं ठरलेलं वाक्य. घागर असो, खुर्ची असो, बायको असो, ज्यानं उचललं त्यानंच जागेवर ठेवायचं. लग्न करून मामीला घेऊन निघताना त्यांनी सासूला शब्द दिला होता, मीच नेतोय, मीच चालवत आणून दारात सोडीन. तो शब्द जीप चालवूनच पाळायचा होता. आणि इथं चालवायला इथलं लायसन पाहिजे. बसऱ्याचं लायसन अरबीत. ते वाचणारा आमच्या मुलखात कोण? शेठही म्हणाला, लायसन असंल तर देतो बापा, नसता नाही.

मी मामीकडे पाहिलं. म्हटलं, मामी, तुमी तरी सांगा. मामी भिंतीकडेच पाहत राहिली. ही बाई मला जरा गर्विष्ठच वाटायची. कधी हाकेला पटकन ओ द्यायची, कधी जवळ उभं राहून बोललं तरी लक्ष नाही. मी पुन्हा समोर जाऊन म्हटलं, तेव्हा म्हणाली, "उनकोच चलाने दो. अम्मा रुकेगी."

म्हातारी थांबेल! वा रे वा! म्हातारी काय फलाटावर उभी होती? पण दोघांपुढं माझं काय चालणार. लागलो शिकवायला.

पहिल्या दिवशी मामू रुबाबात जीपच्या डाव्या बाजूनं चढले, बसले, दोन्ही हात पुढं केले आणि हातात काहीच आलं नाही. बसऱ्याच्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडं असतं ना. मग उजवीकडून बसवले. गाडी चालवण्यात माणूस पक्का. गिअर असा टाकायचे की कळायचंसुद्धा नाही. रिव्हर्स तर माझ्याहून सफाईदार. पण रस्ता मोकळा दिसला की जीप आपोआप उजवीकडं सरकायची, आणि बोलायचं झालं की मामूंची मान उजवीकडं वळायची, तिथं कुणीच नसायचं.

परीक्षा घेणारे साहेब अधूनमधून वाशीमला कॅम्पला यायचे. मामूंची पहिली परीक्षा फाटकाच्या बाहेरसुद्धा गेली नाही. साहेब डावीकडं बसले. मामूंनी नियमानं हात दाखवला, पण सवयीनं डावा. तो थेट साहेबांच्या चष्म्यावर. साहेबांनी चष्मा उचलला, पुसला आणि पुढच्या कॅम्पला यायला सांगितलं. दुसऱ्या वेळी चष्मा वाचला, पण वळणावर समोरून बैलगाडी आली आणि मामू उजवीकडं शिरले. गाडीवान ओरडला, "मले मारता काय हो?" मामूंनी खाली उतरून त्याची आणि मग दोन्ही बैलांची माफी मागितली. साहेब शांतपणे म्हणाले, चाचा, गाडी तुम्हाला येते, देश येत नाही.

त्यातच खेड्यातून म्हातारीचा निरोप आला होता, जेवण सुटलं म्हणून. परतीच्या वाटेवर मी चिडलो. हट्ट सोडा म्हटलं, मी नेतो उद्याच्या उद्या. मामूंनी फक्त नकारार्थी मान हलवली. डोळे भरले होते.

मग मीच अट घातली. म्हटलं, आजपासून पायी चालायचं तेही डावीकडूनच, पायाला वळण लागल्याशिवाय हाताला लागायचं नाही. मामूंनी ऐकलं. शाळेतल्या पोरासारखे डाव्या कडेनं जायचे, यायचे. मला बरं वाटलं. आणि संध्याकाळी पाहतो तर काय, मामीला घेऊन पुन्हा उजव्या कडेनं माझ्या जीपसमोर! दिवसभराचं शिकलेलं संध्याकाळी पाण्यात. मी हात जोडले. मामू म्हणाले, "दिनभर तुम्हारा कानून, उस्ताद. ये इतना हमारा."

तिसऱ्या कॅम्पला ते पास झाले. साहेबांनी आधी चष्मा काढून खिशात ठेवला होता, पण गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. जीप सोडून राहू नको असं शेठनं बजावलं होतं, म्हणून मीही सोबत. मामूंनी इस्त्रीचा सदरा घातला होता. शेजारची सीट झटकून त्यावर उशी ठेवली होती. गल्ली बघायला जमली. मामी आली, तिनं उशीकडं पाहिलं, आणि मागच्या बाजूनं मला हात मागून जीपच्या मागल्या बाकावर चढून बसली. बायका कुजबुजल्या, भांडले वाटते. मला वाईट वाटलं. इतका आटापिटा केला माणसानं, आणि ही शेजारी बसत नाही? पुढची सीट रिकामीच राहिली. मी मागे मामीच्या समोरच्या बाकावर बसलो.

गाव सुटलं आणि मामू बोलायला लागले. मागे न पाहता, मोठ्यानं नाही, आपलं नेहमीच्या आवाजात. इथं निंबाचं झाड आहे. आता चढ लागला. कापूस फुटला बघ. एक बाई गोवऱ्या घेऊन चालली. अरे, ती सारी वाट मामीच्या लहानपणीची! झाडन् झाड तिच्या ओळखीचं. आणि हा काल आलेला माणूस तिला तिचाच मुलूख दाखवत होता. मामीनं डाव्या कानावरचा पदर मागे सारला होता. त्या बाकावर तिचा डावा कान मामूंच्या बाजूला येत होता. मान पुढं काढून ती एकेक शब्द ऐकत होती आणि पहिल्यांदाच पाहिल्यासारखी हसत होती.

मी काहीतरी विचारायला तिच्या उजव्या बाजूनं वाकलो. तिला पत्ताच नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मामूंनी मग थोडक्यात सांगितलं. बसऱ्यात तापात मामीचा उजवा कान गेला. तिथल्या गाडीत ती त्यांच्या उजव्या हाताला बसायची, चांगला कान त्यांच्याकडं. शुक्रवारी दोघं नदीकाठानं फिरायचे आणि बोलायचे. इथल्या गाडीत शेजारी बसवली तर बहिरा कान वाट्याला येतो. आणि पायी जायचं तर डाव्या कडेनं गेल्यावर एक तर मामीला वाहनांच्या बाजूला ठेवा, नाही तर मुक्यानं चाला. उजव्या कडेला मात्र ती आत, हे बाहेर, आणि चांगला कान यांच्याकडं.

"मंग आधी काहून नाही सांगितलं?" मी म्हटलं.

"किसीने पूछा नहीं कि क्या बात करते," मामू म्हणाले. "सबने पूछा किधर से चलते."

म्हातारी अंगणात बाजेवर होती. तिला जीपचा आवाज कळला. मामूंनी मामीला हाताला धरून उतरवलं, बाजेवर नेऊन बसवलं आणि म्हातारीच्या पायाशी उभे राहिले. म्हातारीनं लेकीचा चेहरा चाचपला, मग जावयाला विचारलं, "तूच लाया?" मामूंनी खिशातून लायसन काढून तिच्या हातात दिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं ते डोळ्याला लावलं आणि उशीखाली ठेवलं. परत निघेपर्यंत कुणी मागितलं नाही.

त्यानंतरही संध्याकाळी ते दोघं उजव्या कडेनं माझ्या समोर यायचेच. लांबून दिसले की मी जीप बाजूला घ्यायचो आणि इंजिन बंद करायचो. मामू काहीतरी सांगत असायचे, आणि इंजिनच्या आवाजात मामीला ते ऐकू गेलं नसतं.