भुकुमी प्राणवायूचे कैदेतून लोह सोडविल्याची हकीकत

मौजे भुकूम येथील रो-हाउसच्या परसात जी मोहीम जाहली, तिचे वर्तमान, मीठमसाला बेताने लावून, पुढिलांचे माहितीस्तव लिहिले आहे.

खासे दादासाहेब म्हणजे रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर. सारी हयात फळ्यावर धातुकापासून लोखंड काढिले, परंतु दगडातून निघालेले लोखंड डोळ्यांनी पाहिले नव्हते, हे शल्य उरात होते. मग ताम्हिणीच्या सहलीत तांबडे दगड दिसताच गाडीची डिकी भरून आणिले, आणि जेवताना, पाहुण्यांपुढे, एकच विषय चालविला की लोह प्राणवायूचे कैदेत आहे, ते सोडविले पाहिजे. तेव्हा राणीसाहेब लीलाबाई यांनी फर्मान काढिले की, रविवारी दिवस मावळेतो लोखंड करून दाखवावे. न दाखविल्यास दगड घाटात परत टाकावे आणि पुन्हा या घरात रसायनशास्त्राचा उच्चार करू नये. साहेबांचे तोंडचे पाणी पळाले, कारण बोलावयास दुसरा विषय त्यांजपाशी नव्हता.

रविवारी मोर्चे लागले. दगड खलबत्त्यात कुटिले आणि त्यात कोळशाचा चुरा मिसळिला, कारण प्राणवायूस फूस लावून आपलेकडे ओढण्यात कोळसा मोठा वस्ताद. मग ते मातीच्या मुशीत भरून, झाकण घालून, मूस निखाऱ्यांत पुरिली. भात्याचे कामी राणीसाहेबांस भिशीत मिळालेला केस वाळविण्याचा ड्रायर, त्यांस न विचारता, नामजाद केला. धुराचा लोट उठला तो शेजारच्या मळ्याच्या धनीण गोजराबाई कुंपणाशी येऊन गरजल्या, "अवो मास्तर, दगड भाजून खायाची येळ आली व्हय? लीलाताई जेवाया घालंना का?"

परंतु साहेबांस धीर कोठला? घडीघडी झाकण उचलून डोकवावे, आणि दर खेपेस वारा आत शिरून सुटत आलेले लोह प्राणवायूने पुन्हा धरून न्यावे. दुपारी मूस काढिली तो आत तांबडी राख. फ्रिजवरील स्ट्रॉबेरीच्या आकाराचे चुंबक लाविले; एक कण हलला नाही. साहेब पायरीवर मटकन बसले. चेहरा पाहवेना. लिहिताना आम्हांसही वाईट वाटले.

राणीसाहेब खिडकीतून सर्व पाहत होत्या. बाहेर येऊन हुकूम केला की, भाताचे झाकण सारखे उघडिले तर भात शिजत नाही, इतके ज्यास कळत नाही त्याने भट्टीजवळ फिरकू नये. मग नवी मूस दगड-कोळशाच्या चुऱ्याने भरवून, कणकेसारखी माती मळून तिचे झाकण लिंपिले, आणि खुर्ची टाकून जातीने पहाऱ्यास बसल्या. ड्रायर ओळखिला, परंतु युद्धप्रसंग जाणून तूर्त बोलल्या नाहीत. साहेब चालून येत, परतविले जात. ड्रायर शर्थीने लढला आणि दिवस कलता निळा धूर सोडून धारातीर्थी पडला.

मग मूस फोडिली. आत सुपारीएवढा काळा गोळा. स्ट्रॉबेरी पुढे केली तो टचकन चिकटली, आणि साहेबांचे डोळे भरून आले. नाक्यावरचे वेल्डर कैलास यांणी गोळा तापवून ठोकिला, वाकडातिकडा खिळा केला आणि म्हणाले, "ह्याला खिळा म्हनायचं का न्हाई ते तुमी ठरवा, पर लोखंड हाय."

फत्ते रुजू जाहली. रसायनशास्त्राचा उच्चार घरात बहाल जाहला. पाहुण्यांची नजर प्रथम पडेल ऐशा जागी दिवाणखान्यात खिळा ठोकिला, आणि साहेब त्यावर टांगावयास आपले निवृत्तीचे मानपत्र पुसून घेऊन आले. तो राणीसाहेबांनी तेथे जळका ड्रायर आधीच टांगिला होता. साहेबांनी मानपत्र मुकाट्याने कपाटात परत नेले, हे दप्तरी नोंदिले असे.