दामूमास्तरांचा तिरका पंख

दामूमास्तर तवसं, म्हणजे आमची कोकणातली मोठी काकडी, नेहमी तिरकं चिरत. मधल्या सुट्टीत डबा उघडला की सुरी कलती धरायची, लांबट फोड माझ्यापुढे करायची आणि म्हणायचं, "बघा, जाडी तेवढीच, लांबी वाढली. म्हणजे वाऱ्याच्या दृष्टीने फोड बारीक झाली." मी इंग्रजी शिकवणारा. वाऱ्याच्या दृष्टीचं मला काही कळत नसे. फोड मात्र चांगली लागे.

मास्तर आमच्याच शाळेत शास्त्र शिकवीत. तेव्हा रत्नागिरीत विमान पाहिलेली माणसं फार थोडी. मास्तरांनी एकदा मुंबईत पाहिलं होतं, तेही जमिनीवर उभं असलेलं. पण त्यांची काळजी पुढची होती. उद्या विमान आवाजाइतक्या वेगाने जाऊ लागलं, तर त्याच्या पंखांचं काय होणार?

"हवेला वर्दी लागते हो," ते म्हणत. "पंख येतोय ही वर्दी आवाजाच्या वेगाने पुढे जाते, म्हणून हवा आधीच बाजूला होते. पंखच त्या वेगाने आला, तर बिचारी जाईल कुठे? तुंबेल. म्हणून पंख बारीक हवा, आणि मागे कललेला हवा." मुलं त्यांना 'वर्दीमास्तर' म्हणत.

पंखाचा आकार शोधायला ते मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात जात. त्यांच्या घरात मासा शिजत नसे. पण सुरमईच्या पाठीवर दोरा धरून तिचा उतार ते वहीत उतरवून घेत. एकदा मासळीवाली म्हणाली, "मास्तर, मापून झाली असंल तर ठेवा खाली. गिऱ्हाईक उभं हाय."

"जरा थांब बाय," मास्तर म्हणाले, "शेपटी राहिलीय."

संध्याकाळी आम्ही दोघं भाट्याच्या समुद्रकाठी वाळूत बसत असू. सुरूच्या झाडांतून वारा वाहायचा, ऊन पाण्यावर पातळ होत जायचं, आणि मास्तर आभाळात मला न दिसणारं काहीतरी पाहत राहायचे. एखादा ससाणा पंख मागे घेऊन खाली झेपावला की हळूच म्हणत, "ह्याला कोणी शिकवलं?" त्यांना घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं, त्यामुळे उठायची घाईही नसे.

सात वर्षं खपून त्यांनी निबंध पुरा केला. त्यातलं इंग्रजी मी सुधारलं आणि तो विलायतेतल्या एका शास्त्रीय मंडळाकडे धाडला. काही महिन्यांनी उत्तर आलं. मास्तरांनी पाकीट दोन दिवस उघडलंच नाही. तिसऱ्या दिवशी भाट्याला येऊन माझ्या हातात दिलं.

"तुम्हीच वाचा. माझा धीर होत नाही."

मी वाचलं. विचार बरोबर आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. पण युरोपातल्या एका गृहस्थांनी थोड्याच दिवसांपूर्वी तोच मांडला असल्यामुळे निबंध छापता येत नाही.

"सात वर्षं फुकट गेली हो," मी म्हटलं.

मास्तरांनी पत्र घेऊन त्याची नीट घडी घातली. डोळे भरून आले होते, पण ते हसत होते.

"फुकट कशी? मला वाटायचं, हे मला एकट्यालाच दिसतंय. डोकं तर फिरलं नाही ना, अशी भीती वाटायची. बोलणार कोणाशी? तुम्ही ऐकून घेता, पण तुम्हाला कळत नाही, हे मला ठाऊक आहे."

मी मान खाली घातली.

त्यांनी पत्र खिशात ठेवलं. मग म्हणाले, "त्या गृहस्थांच्या गावाला समुद्र असेल का हो?"

"असेल," मी म्हटलं. मला काहीच माहीत नव्हतं.

"असला तर बरं," मास्तर म्हणाले. "संध्याकाळी माणसाला कुठेतरी बसायला लागतं."