आईसाहेबांचा आवाज खंडणीखोराने कोंडला, ती हकीकत

वाचणारे थोर, ऐकणारे त्याहून थोर, उभयतांचे सेवेसी दंडवत घालून मजकूर लिहिला जातो ऐसा की, आमचे घरी टेबलावरील काळ्या संगणकावर खंडणीखोराची चाल होऊन मुलूख दरोबस्त कुलूपबंद जाहला, तो कोणाचे अकलेने जाहला आणि कोणाचे अकलेने सुटला, हे पुढील पिढ्यांस ठाऊक असावे, आणि तीर्थरूप बाबांनीही सोयीस्कर विसरू नये, म्हणोन ही हकीकत यथास्थित रुजू केली असे.

पूर्वपीठिका ऐसी. आईसाहेब आवाजाच्या धनी. एका प्रकाशनाच्या संपादकबाईंनी त्यांस एक कादंबरी मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करण्याची कामगिरी सांगितली, आणि ही त्यांची पहिलीच कामगिरी, आणि सोमवारी सर्व प्रकरणे हुजुरात पावली नाहीत तर पुस्तक दुसऱ्या आवाजास जाईल ऐसी ताकीदही दिली. मग आईसाहेबांनी निजण्याच्या खोलीतील कपड्यांच्या कपाटात ठाणे दिले, कारण कोट, स्वेटर आणि रजया यांच्या दाटीत आवाज घुमत नाही. माइक हँगरला टांगला, बाबांच्या एकुलत्या एक सुटास पाठ टेकली, आणि त्या जागी कपाटगड ऐसे नाव पडले. गडावर मुद्रण चालू असता कुकरने शिटी काढू नये, नळ सोडू नये, शिंक आलीच तर जिन्यात जाऊन द्यावी, ऐसे फर्मान सुटले. बाबांनी तर देहधर्माच्या वेळाही प्रकरणांच्या मधल्या विश्रांतीशी जुळवून घेतल्या. सर्वांनी हुकूम मानिला. न मानिला तो एका फ्रिजने. त्याची घरघर प्रत्येक प्रकरणात मागे बसून राहिली.

आता बाबा म्हणजे कोण, तर कचेरीत इमारतींचे नकाशे तपासणारे, दुसऱ्याची चूक भिंतीआडून हुडकणारे, फुकट या शब्दाचे परमभक्त. शनिवारी दुपारी आईसाहेब गडावर शेवटचे, मुद्रित व्हावयाचे राहिलेले प्रकरण पुन्हा एकवार स्वतःशी पुटपुटत असता, बाबांनी मसलत केली की घरघर काढून टाकणारे अवजार आणावे आणि पत्नीस चकित करावे. अवजार महाग होते. परंतु एके ठिकाणी तेच फुकट मिळत होते, शर्त एवढीच की आधी संगणकावरील चौकीदार, म्हणजे अँटीव्हायरस, निजवावा, कारण तो उगाच बोंब मारतो. चोराने सांगावे कुत्रे बांधा आणि धन्याने विचारावे कोणत्या दोरीने, तैसे जाहले. चौकीदार तांबडा होऊन ओरडत असता बाबांनी "तू गप रे" म्हणोन त्यास निजवले. मग संगणकाने विचारिले की या अनोळखी इसमास सर्व किल्ल्या द्याव्या काय, आणि बाबांनी होय दाबले, जैसे ते आजवर सगळ्यालाच दाबत आले.

मग गनीम आत शिरला आणि प्रकरणामागून प्रकरण, फोटोमागून फोटो आपल्या कुलपात घालून प्रत्येक नावास विचित्र शेपूट लावीत सुटला, आणि पडद्यावर काळा खलिता झळकला की तुमचा खजिना कैद आहे, खंडणी धाडा, नाहीतर किल्ली नष्ट करू, आणि शेजारी उलटे चालणारे घड्याळ. बाबांना ती जाहिरात वाटली. त्यांनी कोपऱ्यातली फुली पुष्कळ वेळा दाबली. अखेर कन्येस बोलावणे गेले. कन्या नववीत, मसलतीत तरबेज, पसाऱ्यात त्याहून.

"बाबा, काय केलंत?"

"काही नाही गं, फ्रिजचा आवाज काढत होतो."

कन्येने आधी इंटरनेटची वायर उपटली, जेणेकरून गनिमास बाहेरची कुमक मिळू नये आणि इतरांस त्याची लागण होऊ नये, आणि मग बाहेरची डिस्क सोडविली. त्या डिस्कवर बाबांनी सर्वांच्या नकला ठेविल्या होत्या, पण सोयीचे पडते म्हणोन ती सदैव जोडलेली असे, म्हणोन तीही कुलूपबंद जाहली होती.

गलका ऐकोन आईसाहेब गडाखाली उतरल्या. पडदा पाहिला. खलिता शेवटपर्यंत वाचिला. बाबा खंडणी भरावयास तयार जाहले. कन्या म्हणाली, चोराने शब्द पाळलाच पाहिजे ऐसे कोठे लिहिले आहे.

"एक छदाम द्यायचा नाही," आईसाहेब म्हणाल्या. "आवाज माझा आहे."

मग कन्येने खलित्याचा फोटो घेतला आणि फोनवरून शोध केला, कारण काही खंडणीखोरांच्या किल्ल्या भल्या लोकांनी शोधून मोफत ठेविल्या आहेत. याची किल्ली अद्याप कोणास सापडली नव्हती. गनीम मारता येईल, पण मारल्याने कुलपे उघडणार नाहीत, ऐसे ठरले. आईसाहेब पलंगाच्या काठावर बसल्या आणि हातातील पाने उगाच सारखी करीत राहिल्या.

ते बाबांस बघवेना. त्यांनी घसा खाकरून इतला दिली की, प्रकरणे आहेत. आपल्या धाकट्या बहिणीकडे, म्हणजे कन्येच्या आत्याबाईंकडे. शेवटचे सोडून सर्व, एका पेनड्राइव्हवर, बाबांनीच कौतुकाने गुपचूप दिलेली.

आता पुस्तक निघण्याआधी कोणी ऐकू नये हे आईसाहेबांचे फर्मान, त्यातही नणंदेने तर मुळीच नाही, कारण लिफ्टमधली बाई दार बंद करा म्हणते तसा वहिनीचा आवाज, हे तिचे मत साऱ्या गोतावळ्यात गाजले होते. तरी आईसाहेबांनी गर्व गिळून स्वतः फोन लाविला.

"माझ्या गाडीत आहे की तो," आत्याबाई म्हणाल्या. "रोज ऐकते. वळणावर वहिनी, सिग्नलला वहिनी. पण कादंबरीतल्या त्या बाईचं पुढे काय होतं? शेवटचं प्रकरणच नाही त्यात. ते ऐकवणार असशील तर येते."

तह जाहला. आत्याबाई आपला लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह घेऊन दाखल जाहल्या, आणि बाबांनी आनंदाच्या भरात तो पेनड्राइव्ह तसाच काळ्या संगणकात खुपसण्यास हात उचलिला. कन्येने मनगट धरिले.

"अहो बाबा, अजून आत आहे तो."

"मी म्हटलं जरा बघावं."

"दादा, तू जिन्यात जाऊन शिंक बघू," आत्याबाईंनी हुकूम केला.

मग कन्येने आत्याबाईंच्या निरोगी लॅपटॉपवर संगणक नव्याने उभा करण्याचा दुसरा पेनड्राइव्ह सिद्ध केला, काळ्या संगणकाची डिस्क समूळ पुसली, आणि सर्व नव्याने घातले, कारण चोर पळाला तरी माळ्यावर दुसरा लपलेला असू शकतो. नवे चौकीदार बसविले. बाहेरची कुलूपबंद डिस्क मात्र न पुसता खणात ठेविली, न जाणो पुढेमागे किल्ली सापडेल. बाबांचा सर्व ठिकाणी एकच असलेला पासवर्ड, जो की त्यांचेच नाव, लॅपटॉपवरून प्रत्येक ठिकाणी बदलविला. आणि आत्याबाईंचा पेनड्राइव्ह तपासून सर्व प्रकरणे सुखरूप उतरून घेतली.

राहिले शेवटचे. रविवारी आईसाहेब पुन्हा गडावर चढल्या. आत्याबाईंनी घरघर ऐकली, उठल्या आणि फ्रिजचा प्लग काढिला. हा उपाय आजवर कोणास सुचला नव्हता. बाबांनी त्या प्लगाकडे बराच काळ पाहिले. मग आइस्क्रीम वितळू लागले, आणि तिघे जण दाराबाहेर फरशीवर बसून, चमचा वाटीस लागू न देता, ते खात राहिले, आणि आतून आवाज येत राहिला. कादंबरीतील बाई घर सोडून निघते, तेथे आत्याबाईंनी चमचा खाली ठेविला तो पुन्हा उचलिला नाही.

दार उघडल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "वहिनी, लिफ्टचं मी मागे घेते."

सोमवारी सर्व प्रकरणे हुजुरात पावली. संध्याकाळी संपादकबाईंचा खलिता आला की, पुस्तक तुमचेच. शेवटचे प्रकरण ऐकताना मी रस्त्यात थबकून उभी राहिले. आधीची सगळी या शेवटच्यासारखी पुन्हा वाचाल का, वेळ हवा तेवढा घ्या.

बाबा म्हणाले, म्हणजे एवढी लढाई करून सोडवलं ते सगळं फुकट. कन्येने त्यांच्याकडे पाहिले, आत्याबाईंनी पाहिले, आणि ते उठून फ्रिजचा प्लग काढावयास गेले.

आईसाहेबांनी खलिता दोनदा वाचिला. मग पाने उचलली, कपाटात शिरल्या आणि दार ओढून घेतले. त्या संध्याकाळी फर्मान काही सुटले नाही. घर आपणहून शांत जाहले.

येणेप्रमाणे खंडणीखोर शिकस्त खाऊन रिकाम्या हाताने गेला, आवाज धनिणीकडे राहिला, मोहीम फत्ते जाहली. पहिले प्रकरण पहिल्या ओळीपासून सुरू आहे.