रिकाम्या चौकोनास वाहिलेल्या फुलांची हकीकत

श्री. दिसते त्यास नमन, न दिसते त्यास त्याहून खाली वाकून नमन, आणि न दिसताच "दिसले" म्हणतो त्यास दुरूनच रामराम. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. संवत्सर क्रोधी आणि लिहिणाराही त्याच मिजाजीचा, म्हणोन या हकीकतीत मखलाशी सापडावयाची नाही. एक राज्य होते. नाव लिहीत नाही, कारण तेथील मंडळी अद्याप नांदत आहेत आणि त्यांस राग लवकर येतो. त्या राज्यास भुई नाही, तट नाही, वेस नाही. फोनच्या काचेत त्याचा मुलूख, आणि रयत म्हणजे घरच्या पेटीत अंडी उबवून पिले काढणारे हौशी लोक. एकाने अडचण लिहावी, दुसऱ्याने उपाय लिहावा, फोटो जोडावा, फोटो पाहून दोष सांगावा, ऐसा तेथील राजव्यवहार. कारभारी म्हणोन विश्वासराव टिपरे सदरेवर विराजमान असत, आणि पोस्ट ठेवणे, काढणे, इकडची उचलून तिकडे नेणे हा सर्व अखत्यार त्यांचा. पूर्वी एका मातब्बर सरदाराने आपल्या कोंबड्याचा फोटो टाकला, त्यास कोणी वाहवा केली नाही, मग सरदार रुसला आणि आपली फौज घेऊन निघून गेला आणि दुसरे राज्य मांडून बसला. तेव्हापासोन विश्वासरावांनी फर्मान काढिले की कोणाचाही फोटो फुलावाचून जाऊ नये. मग रयतेस सवय लागली. फोटो आला की आधी फूल, मग हात जोडलेले, मग "अप्रतिम", आणि पाहावयाचे ते सवडीने. बहुतेकांस सवड होत नसे.

त्या राज्यात इंदूबाई वाघचौरे नामे एक बाई नवीनच दाखल जाहली होती. बाईच्या घरी उघड्या मानेच्या कोंबड्यांचे वाण. ते वाण तिने लग्नात माहेराहून टोपलीत घालोन आणिले, आणि पुढे भांडी गेली, दागिने गेले, माहेरही उठले, परंतु वाण राहिले. माहेरचे म्हणावे ऐसे तेवढेच जिवंत उरले होते. मग गनीम आला. गनीम म्हणजे मुंगूस. भर दुपारी खुराड्यात शिरोन त्याने कोंबडा मारिला, अंड्यांवर खुडूक बसलेल्या कोंबड्या मारिल्या, आणि टोपलीत अर्धी उबलेली अंडी तेवढी मागे टाकिली. बाईने रडणे पुढे ढकलिले आणि अंडी पदरात घेऊन शेजारच्या नबीलाल मेस्त्रीच्या दारी उभी राहिली. नबीलालने थर्माकोलची पेटी केली, आत बल्ब लाविले, ऊब मोजोन बल्ब आपोआप लावणारे-विझविणारे यंत्र बसविले, आणि सांगितले की आकडा हिरवा दिसे तोवर चिंता करू नये. मग नबीलाल कामावर परमुलखी रवाना जाहला, आणि त्याचा फोन लागेनासा जाहला.

दिवस भरत आले. पेटीस कान लाविला की आतून टकटक ऐकू येई, आणि बाई चूल सोडून ऐकत बसे. मग एके सकाळी थंडी फार पडली आणि बाईने पेटी उघडोन अंड्यास हात लाविला तो अंडे गार. यंत्राकडे पाहते तो आकडा हिरवा, ऊब पुरेशी आहे ऐसे यंत्राचे म्हणणे. बल्ब लागे, क्षणात विझे, पुन्हा लागे, पुन्हा विझे. गरम पाण्याच्या बाटल्या ठेवाव्या, तर यंत्र खरे असल्यास अंडी आतल्या आत शिजतील. न ठेवाव्या, तर हात खरा असल्यास गारठोन मरतील. टकटक तर काल होती त्याहून बारीक. मग तिने पेटीचा आतून फोटो काढिला आणि राज्याच्या दरवाजी गेली. दरवाज्याने फोटो घेतला नाही. तांबड्या अक्षरात काही इंग्रजी आले आणि गेले. पुन्हा जोडिला, पुन्हा तांबडे. बाईने त्या अक्षरांस मनातल्या मनात काय म्हटले ते लिहिण्यासारखे नाही. मग फोटोखाली "शेअर" ऐसे दिसले ते दाबिले, एक लांबलचक लिंक निघाली, ती पोस्टमध्ये चिकटविली आणि दाबून पाहिली. फोटो उघडला, स्वच्छ दिसला. बाईस हायसे जाहले. मग खाली लिहिले, "अंडी हाताला गार लागतात, यंत्र म्हणतं गरम आहेत. यंत्रावर विश्वास ठेवू की हातावर? फोटो बघून कोणीतरी लवकर सांगा. आतली टकटक कमी होत चाललीये."

येथे वाचणाराने ध्यानी ठेवावे की तो फोटो बाईच्या स्वतःच्या कोठारात होता. इंटरनेटवरील ज्या कोठारात फोनमधले फोटो आपोआप जाऊन पडतात, त्यास कुलूप असते, आणि किल्ली ज्याच्या खात्याची त्याच्याच फोनात असते. बाई आत, म्हणोन बाईस दार उघडे वाटले. बाकी सर्व राज्यास त्या ठिकाणी एक करडा रिकामा चौकोन दिसत होता, दुसरे काही नाही.

आणि फुले पडू लागली. प्रथम एक गुलाब पडला, मग हात जोडलेले, मग "अप्रतिम", मग "खूप छान ताई, असेच पुढे जात राहा". मंदाताई उकिडवे म्हणोन राज्यात जुनी जाणकार बाई, जिने पेट्या मोडून पेट्या बांधिल्या, बल्ब आणि वायर जीस तोंडपाठ, तिनेही लिहिले, "सुंदर फोटो! नव्या सदस्याचं स्वागत!" आणि कमळ वाहिले. इंदूबाईने ते पाहिले आणि समजली की सर्वांस दिसते आहे, तेव्हा आता उपाय येईल. मग ती पेटीजवळ फोन घेऊन बसली. बल्ब लागे, विझे. फोन वाजे, बाई झडप घालोन पाही, तो फूल. मी विचारतो, फुलाने काय ऊब येते? एकालाही वाटू नये की आपणांस काही दिसत नाही तर विचारावे? पुढे चौकशीत कळले की पुष्कळांस वाटले होते. एकास वाटले आपला फोन जुना, दुसऱ्यास वाटले आपल्या गावी रेंज कमी, तिसऱ्यास वाटले सर्वांनी वाहवा केली आणि आपणच विचारिले तर अडाणी ठरू. ऐसे सर्व शहाणे आपापल्या ठिकाणी लाजले, आणि लाज झाकावयास फुले वाहिली.

तिकडे कारभारी विश्वासराव जागे जाहले. त्यांनी चौकोन पाहिला नाही, मजकूर वाचिला नाही, नाव नवे पाहिले आणि हुकूम केला, "नवीन सदस्यांनी आधी परिचय विभागात स्वतःची ओळख द्यावी. नियम वाचा." आणि पोस्ट उचलून परिचय विभागात नेली. बाई जुन्या जागी पाहते तो पोस्ट नाही. शोधता शोधता ती परिचय विभागात सापडली, आणि तिथे स्वागताची फुले आणखी पडली होती. बाईने लिहिले, "ओळख नंतर देते हो, आधी कोणी फोटो बघा." त्याजवर एका भल्या गृहस्थाचे उत्तर आले, "बघितला ताई, मस्त आहे."

आता दिवस कलू लागला, आणि सोपान खैरमोडे या प्रसंगी उतरला. सोपान या राज्यात बदनाम. तोंड फाटके, भांडण आवडते, विश्वासरावांनी त्यास ताकीद दोन वेळा दिलेली, आणि लोक त्याच्या पोस्टीस उत्तरही देत नसत. सोपानने लिहिले, "कसला फोटो? मला रिकामा चौकोन दिसतोय. तुम्ही सगळे कशाला फुलं वाहताय?" मग सदरेवर एकच गलका जाहला. कोणी म्हणे, "तुमचाच फोन जुना असेल." कोणी म्हणे, "नव्या बाईंचं स्वागत चाललंय, तिथेही तुमचं सुरू." विश्वासराव लिहिते जाहले, "खैरमोडे, ही शेवटची ताकीद." सोपान म्हणाला, "द्या ताकीद. पण आधी एक जण मला सांगा, फोटोत बल्ब किती आहेत?" एकही उत्तर आले नाही. इतका वेळ वाहवा करणारी मंडळी, त्यांस बल्बही मोजता येईनात. मग सोपानने बाईस लिहिले, "मावशी, तुमच्या फोनवर बघू नका. शेजारच्या कोणाचा फोन घ्या आणि त्यावर तुमचीच लिंक उघडा. पळा."

बाई पळाली. नबीलालच्या घरी त्याची बायको हसीना भाकरी थापीत होती. बाई म्हणाली, "हसीना, तुझा फोन दे, आणि काही विचारू नको." हसीनाने पिठाच्या हाताने फोन दिला. लिंक उघडली, आणि चौकोन करडा. खाली परवानगी मागा ऐसे लिहिलेले. हसीना वाकून म्हणाली, "ताई, हिथं तर कुलूप दिसतंय. फोटो कुठंय?" बाई म्हणाली, "सकाळपासनं तो फोटो मी एकटीच बघतेय गं." हसीना म्हणाली, "मग त्या लोकांनी फुलं कशाला दिली?" हसीनाने भाकरी तव्यावर तशीच सोडिली, आणि दोघी पेटीपाशी आल्या. कान लाविला. बाई म्हणाली येते, हसीना म्हणाली येत नाही, मग दोघींनी श्वास धरिला, तेव्हा फार आत कोठेतरी एक टक् जाहले.

बाईने सोपानास लिहिले, "भाऊ, खरंच दिसत नाही. मी सरळ जोडायला गेले तर तांबडं येतं." सोपान म्हणाला, "तुमच्या फोनचा फोटो जड आहे मावशी, या दरवाज्यात मावत नाही. कुलूप उघडत बसू नका, त्यात संध्याकाळ जाईल. गॅलरीत फोटो मोठा करून पूर्ण पडदाभर उघडा, आणि त्या पडद्याचाच स्क्रीनशॉट काढा. तो हलका असतो. लिंक नको, तोच जोडा." बाई म्हणाली, "स्क्रीनशॉट कसा काढतात?" सोपान म्हणाला, "बाजूची दोन्ही बटणं एकदम दाबा आणि लगेच सोडा." बाईने भीतीने दाबिली ती दाबूनच धरिली, आणि फोन बंद पडला. काच काळी जाहली, त्यात बाईचे आणि हसीनाचे तोंड दिसू लागले. हसीना म्हणाली, "सोडा म्हटलंय ना त्यानं." बाई म्हणाली, "हात सोडेना गं माझा." मग फोन पुन्हा सुरू करणे आले, आणि तो आपल्या कंपनीचे निशाण फडकावीत, गाणे वाजवीत, रमतगमत उठला. या वेळी बटणे हसीनाने दाबिली. पडदा लवला, चित्र निघाले, जोडिले, दरवाज्याने विनातक्रार आत घेतले. तांबडे अक्षर आले नाही. फोटो राज्यात आडवा पडला, त्याच्या माथ्यावर वेळ आणि बॅटरीची खूणही आली, परंतु आला.

आणि कोणी फूल वाहिले नाही. पहिले उत्तर मंदाताईंचे, आणि ते इतक्या लगोलग आले की बाईने फोन खाली ठेवावयाच्या आत वाजला. "इंदूबाई, ती काळी वायर बघा, जिच्या टोकाला लोखंडी बोट आहे. ते बोट सरकून बल्बला टेकलंय. यंत्र बल्बची ऊब मोजतंय, अंड्यांची नाही. बल्ब लागला की त्याला वाटतं सगळी पेटी तापली. हात खरा आहे तुमचा. बोट काढून अंड्यांच्या बरोबरीनं, मधोमध टांगा. आत्ता." बाईने हात घालोन वायर ओढिली आणि अंड्यांमध्ये टांगिली. आकडा झरझर खाली आला, इतका खाली की हसीनाने तोंडावर हात ठेविला. मग बल्ब लागले, आणि विझेनात. मंदाताईंनी पुढे लिहिले, "आता आकडा हळूहळू चढेल. पेटी उघडू नका, कितीही वाटलं तरी." आणि थोड्या वेळाने त्याच मंदाताईंनी आणखी एक ओळ लिहिली, "मला सकाळीही काही दिसत नव्हतं. मी कमळ टाकून पुढे गेले." ती ओळ तिने नंतर पुसली नाही. अजून तेथे आहे. राज्यात एवढी हिंमत मी दुसऱ्या कोणाची पाहिली नाही, आणि राग तर मला तिच्यावरच सर्वांहून जास्त, कारण उपाय तिच्या हाती सकाळपासोन होता, आणि तिने हातातले कमळ पुढे केले.

मग वाट पाहणे आले. बाईने पेटी उघडली नाही. हसीनाची भाकरी जळून गेली होती, ती तिने गुरास घातली आणि नव्या थापिल्या आणि एक बाईस आणोन दिली. टकटक मोठी जाहली, परंतु एकाच बाजूची. दुसऱ्या दिवशी ऊन चढता पहिले पिलू कवच फोडून बाहेर पडले, ओले, गबाळे, आणि मान उघडी. मग आणखी पडली. कोपऱ्याकडची अंडी तशीच राहिली. बाईने ती शेवटपर्यंत पेटीत ठेविली, आणि मग फोडून न पाहता परड्यात मातीआड केली. त्यांचा फोटो तिने काढिला नाही.

एणेप्रमाणे हे वर्तमान. तात्पर्य थोडके: मुंगसाने मारिले ते भुकेने मारिले, त्याजवर माझा राग नाही. विश्वासरावांनी जुने फर्मान मागे घेतले नाही, सोपानची ताकीदही मागे घेतली नाही. परंतु आठ दिवसांनी इंदूबाईने पिलांचा फोटो टाकिला आणि वर इतकेच लिहिले, "दिसतोय का?" आणि सारे राज्य फुले हाती धरोन थबकले, आणि आधी एकाने, मग एकेकाने लिहिले, "दिसतोय." तेव्हापासोन त्या राज्यात कोणाचाही फोटो आला की पहिला शब्द हाच पडतो, आणि कोणास दिसला नाही तर तो तसे लिहितो आणि कोणी त्यास अडाणी म्हणत नाही. फुले त्यानंतर पडतात. लिहिणाराने तो पिलांचा फोटो नीट पाहिला आहे. पिले एकमेकांस चिकटून बसली आहेत, आणि डाव्या बाजूस जागा रिकामी आहे.