ब्रेकच्या तारेवरची इसवण

मालवणच्या बाजारात तातूचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं, आणि त्यातल्या एकाही सायकलला ब्रेक नव्हता. भरडाच्या चढावरून खाली बाजारात उतरताना गिऱ्हाईक चपला घासत, देवाचं नाव घेत यायचं. कुणी तक्रार केली की तातू म्हणायचा, "ब्रेक कित्याक व्हयो? समोर बघान चालव."

ब्रेकच्या केबल तो उसवायचा. आतली एकेक पोलादी तार सोडवून, तेल लावून, तिच्या एका टोकाला गरी म्हणजे मासे धरायचा गळ बांधायचा. दुसऱ्या टोकाला फास. त्यात नायलॉनची दोरी अडकवायची. इसवणीचे, म्हणजे तुमच्या सुरमईचे, दात नायलॉन काकडीसारखं कापतात. मधे वीतभर तार असली की तिचं काही चालत नाही.

तार बांधताना तातूची समाधी लागे. आधी गरीतून ओवलेल्या तारेचे दोन्ही पदर एकमेकांभोवती नऊ वेळा पिळायचे, मग शेपटाचे घट्ट वेढे, मग उरलेलं टोक हलवून हलवून मोडायचं. पक्कड लावली तर टोकाला धार राहते आणि हात कापतो. मधेच कुणी "सायकल मिळेल का?" विचारलं, की ती तार फेकून तो नवी घ्यायचा. "वेढे इसारलंय. आता बस." गिऱ्हाईक बसायचं. धंदा कसा चालत असेल ते तुम्हीच ओळखा.

मी शाळेत मास्तर. रविवारी भिकूनानाच्या होडीतून गरवायला, म्हणजे गरीने मासे धरायला, जायचो. भिकूनाना हा तातूचा सख्खा थोरला भाऊ. दोघांचं अंगण एक, पण अकरा वर्षं बोलणं बंद. त्यालाही तारच कारणीभूत. नानाच्या गरीला एकदा भलीमोठी इसवण लागली, होडीच्या कडेपर्यंत आली, आणि तातूने बांधलेल्या तारेचा पीळ सुटून निघून गेली. किनाऱ्यावर चारचौघांत नाना म्हणाला, "तुझ्या हातची गाठ मी ढोराकय बांधूचंय नाय." तातू सडाफटिंग माणूस; तोवर वहिनींच्या हातचं जेवायचा. त्या दिवसापासून चूल वेगळी झाली.

दर शनिवारी तो माझ्या खिशात एक तार घाली. "नानाच्या गरीक लावा, मास्तरानू. माझा नाव घेव नकात."

मी नानाला सांगायचो, गोव्याहून मागवली. नाना तार निरखून म्हणायचा, "गोंयकार बरे बांधतत हां." हे तातूला सांगितलं की त्याला धड हसताही येत नसे आणि रागावताही. मला आपला हा सगळा त्याचा हट्ट वाटायचा. एवढा अपमान झाल्यावर कोण गप्प बसेल?

दिवाळी नुकतीच सरली होती. त्या रविवारी नानाच्या दोरीला असा हिसका बसला की होडी कलंडायचीच बाकी राहिली. अर्धा तास नाना दोरी ओढत होता, सोडत होता, शिव्या देत होता. दोनदा मासा वर आला, दोनदा तारेवर दात घासून खाली गेला. तार हलली नाही. शेवटी आम्ही दोघांनी मिळून इसवण होडीत घेतली तेव्हा पाय ठेवायला जागा उरली नाही.

नाना माशाकडे बघेना. त्याने तारेच्या पिळावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"मास्तरानू, ह्यो गोंयकार खंय रवता?"

मास्तर झालो तरी खोटं किती बोलणार? "तुमच्याच अंगणात," मी म्हणालो.

नानाने इसवण खांद्यावर टाकली आणि भर बाजारातून निघाला. मागून निम्मा बाजार. तातूच्या बाकावर त्याने ती धप्पकन ठेवली. तातूनेही माशाकडे पाहिलं नाही, तिच्या तोंडातली तार हातात घेऊन तो म्हणाला, "सरकली नाय."

"मगे तेव्हा काय झालेला?"

"तेव्हा एकच पदर फिरवलंय. दुसरो सरळ रवलो. तू किनाऱ्यावरसून हाका मारी होतंस, माका घाई झाली."

"ह्या तेव्हाच सांगाक काय झालेला?"

"तू बोलाकच नाय माझ्याशी."

नानाने इसवण पुन्हा खांद्यावर घेतली. मग म्हणाला, "चल. तुझी वयनी रांधतली. जेवक चल."

लोकांनी असा गलका केला की बंदरापर्यंत ऐकू गेला असेल. चहावाल्याने कुणी न मागता चहा वाटला. "आज सायकली फुकट," तातूने जाहीर केलं. एकही माणूस पुढे आला नाही.

दुकानाच्या फळ्या लावता लावता त्याने मला कोपऱ्यात ओढलं.

"मास्तरानू, तुमीय येवा," तो हळूच म्हणाला. "एकटो गेलंय तर वयनीच्या समोर रडतलंय."

अकरा वर्षांच्या तारा हा गडी हट्टापायी बांधत नव्हता, ते मला तेव्हा कळलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

मी गेलो. वहिनींनी पहिलं पान त्याचं मांडलं, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझा तिथे काहीही उपयोग झाला नाही.