'घ' घोरण्यातला

हरवलेली वस्तू शोधावी तर आमच्या घड्याळजींनीच. मनगटी घड्याळातला राईएवढा स्क्रू गालिच्यात पडू द्या, पठ्ठ्या शोधून काढणार. (स्वतःचा चष्मा मात्र बायकोला विचारून. हे ते स्वतःच सांगतात, म्हणून मीही सांगतो.)

बायको नर्स. त्या दिवशी संध्याकाळी हॉस्पिटलात तिचा निरोप समारंभ, आणि घरचं माणूस म्हणून भाषण करायचं घड्याळजींनी! लेकीकडून शिकून त्यांनी ते कॉम्प्युटरवर चांगलं चार पानं भरून टाइप केलं होतं. सकाळी केस विंचरता विंचरता बायको म्हणाली, "अहो, एकच मागते. आज तरी मला हसू नका. उभा जन्म त्या लोकांत काढलाय मी."

"छे! आज अगदी गंभीर."

म्हणाले खरे, आणि मग आठवलं. भाषणात त्यांनी बायकोचं घोरणं घातलं होतं. नंतर पुसलं होतं बहुतेक. की पुसायचं ठरवलं होतं नुसतं?

चार पानं वाचतो कोण? त्यांनी शोधायची चौकट उघडली. ही चौकट म्हणजे उतावळी सून. पुरता शब्द ऐकून घेत नाही, पहिल्या अक्षरालाच धावत सुटते. त्यांनी 'घ' टाइप केला मात्र, कर्सर टुणकन उडून पहिल्या ओळीतल्या 'घड्याळजी'वर जाऊन बसला.

"अगं बये, मला नको, तिला शोध!" ते पुटपुटले. पुढे 'घो' केलं. यंत्र टिंग वाजलं : सापडलं नाही. 'घोर' केलं. टिंग. सापडलं नाही.

"पुसलंय म्हणजे!" घड्याळजींनी खुशाल छापून घेतलं.

आता गंमत ऐका. आदल्या दिवशी लेक खालून वर चुका शोधत गेली होती, आणि चौकटीतला बाण तसाच वर तोंड करून राहिला होता. घड्याळजींना वाटलं, नक्षी आहे. कर्सर होता दुसऱ्या ओळीत. म्हणजे यंत्रानं इमानेइतबारे वरची एक ओळ धुंडाळली आणि खालच्या चार पानांना हातही लावला नाही.

संध्याकाळी हॉल गच्च भरलेला. मोठे डॉक्टर पहिल्या रांगेत. घड्याळजी झोकात वाचत सुटले, आणि तिसऱ्या पानावर त्यांच्याच तोंडून त्यांच्याच कानावर आलं, "आमच्या सिस्टर घोरतात..."

हॉल फुटला. वॉर्डबॉय बाकं बडवायला लागले. बायकोनं मान खाली घातली. घड्याळजी पेचात पडले. थांबावं तर हसू तिच्याच नावावर राहणार. मग बुडत्यानं पुढची ओळ धरली.

"...घोरतात, घड्याळाच्या टिकटिकीसारख्या, नेमानं. त्या रात्रपाळीला गेल्या की घर बंद पडल्यासारखं वाटायचं. जगाची घड्याळं दुरुस्त करणारा मी, पण त्या रात्री मला डोळा लागायचा नाही."

वॉर्डबॉयांनी बाकं बडवणं सोडलं. मोठे डॉक्टर चष्मा पुसायला लागले. बायकोनं मान वर केली, ती एकटक नवऱ्याकडे बघत राहिली.

घरी आल्यावर घड्याळजींनी कान धरले आणि लेकीकडून कळलेली बाणाची सगळी हकिगत सांगितली. "शपथ सांगतो, पुसायलाच गेलो होतो. मेलं ते वरच शोधत बसलं!"

"बरं झालं वर शोधलंत," पदराआड हसत बायको म्हणाली. "खाली शोधलं असतंत तर चार पानांतलं एकच मनातलं वाक्य पुसून बसला असतात."

घड्याळजी फुलले. "म्हणजे रागावली नाहीस?"

"नाही हो. पण 'घ' म्हटल्याबरोबर ते यंत्र कुणावर जाऊन बसलं म्हणालात?"

"माझ्यावर."

"मग बरोबर जागी बसलं होतं की! घोरता तुम्ही. तुमची ती टिकटिक भिंतीवरून परत येते, आणि तुम्हाला वाटतं, मी घोरते. नाहीतर इतकी वर्षं रात्रपाळ्या मी मागून मागून का घ्यायचे, हौस होती मला?"