आपल्याच हॉटेलाचं गिऱ्हाईक

सदूभाऊ आपल्याच हॉटेलात गिऱ्हाईक म्हणून जायचे.

तुम्हाला थाप वाटेल, पण मी हे रोज पाहिलं आहे. गल्ल्यावरून उठायचे, चपला हातात घ्यायचे आणि दारापुढची नाली एका अवघडलेल्या उडीत ओलांडायचे. रस्त्यावर गेले की चपला घालायचे, टोपी वाकडी करायचे आणि नालीवरच्या सागवानी फळीवर धाडकन पाय देऊन आत शिरायचे. फळी 'कर्रर्र-खट' अशी ओरडायची. मग सदूभाऊ जंगलखात्याच्या शिपायाच्या आवाजात गुरकावायचे, "ए हॉटेलवाले, चाय आन! जल्दी!" आणि टोपी सरळ करून, गल्ल्यामागून स्वतःच उत्तर द्यायचे, "आन्तो जी साहेब, बसा ना!"

मी त्या काळात आरमोरीच्या शाळेत मास्तर होतो. देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती, मी एकटा होतो आणि स्वतःच्या हातचं खायला कंटाळत होतो. त्यामुळे दुपारचा चहा सदूभाऊंकडे ठरलेला. त्यांचं हे सोंग मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा चहाचा घोट माझ्या नाकात गेला.

"काऊन हासता, गुरुजी?" सदूभाऊ गंभीरपणे म्हणाले. "गिऱ्हाईक बनून पायल्याबिगर दुकान समजत नाई. आन दुकान अलग दिसलं पायजे!"

'अलग दिसलं पायजे' हा त्यांचा मंत्र. बाजारात कोणाचा धंदा बसायला लागला की सदूभाऊ डावा पाय घासत तिथे हजर. तरुणपणी धानाच्या बैलबंडीचं चाक त्या पायावरून गेलं होतं, तेव्हापासून तो जमिनीवरून थोडा ओढल्यासारखा पडायचा. फुकट सल्ला द्यायला मात्र तो पाय कधी थकला नाही.

बाजारात न्हावी पुष्कळ होते. त्यातल्या एकाला सदूभाऊंनी आरसा दुकानातून काढून बाहेर झाडाला टांगायला लावला. "मानूस आपली दाढी पायते, मंग लाजते, मंग बसते," असं त्यांचं शास्त्र. ते खरं निघालं. बाजाराला आलेल्या बायाही कुंकू पाहायला तिथेच थांबायच्या आणि त्या थांबल्या की त्यांचे नवरे कंटाळून दाढीला बसायचे. एका शिंप्याला त्यांनी अंगात घालायच्या प्रत्येक बंडीला आतून एक चोरखिसा शिवायला सांगितलं. बिडी बायकोला दिसू नये एवढाच त्याचा उपयोग, पण शिंप्याला मान वर करायला फुरसत राहिली नाही.

मिठाच्या दुकानाची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. केवळरामभाऊ खडेमीठ विकायचे. मीठ सगळीकडे सारखंच खारट, त्यात अलग काय करणार? सदूभाऊंनी गुराख्याकडून एक जुनी लाकडी घंटा आणली. आमच्याकडे दाट जंगलात ढोरं चरायला जातात, तेव्हा कळपाच्या पुढच्या गायीच्या गळ्यात अशी घंटा असते. ती वाजेल तिकडे बाकीची ढोरं जातात. "गिऱ्हाईक पायलं का वाजवा," सदूभाऊ म्हणाले. "बाजारात असा आवाज कोनाकडंच नाई."

केवळरामभाऊंनी दिवसभर घंटा वाजवली. लोक माना वळवून पाहत होते, सदूभाऊ मिशीत हसत होते. संध्याकाळी गावाचा कळप रानातून परतला. ती घंटा त्याच कळपातल्या मेलेल्या म्हाताऱ्या गायीची होती, हे विचारायचं सदूभाऊंना सुचलंच नव्हतं. ओळखीचा आवाज ऐकून अख्खा कळप वळला आणि दुकानात घुसला. आत बघतात तर मीठच मीठ! केवळरामभाऊ छपराच्या वाशाला लोंबकळत शिव्या देत होते आणि ढोरं पोती चाटत होती. एकेक ढोर ओढून काढताना गुराखी रडकुंडीला आला.

सदूभाऊ आठवडाभर त्या गल्लीत फिरकले नाहीत. पण पुढच्या बाजाराला लांबच्या गावांहून आलेली माणसं विचारू लागली, "ढोरं शिरलेलं दुकान कोन्तं जी?" ज्या मिठावर ढोरं एवढी तुटून पडली, ते मीठ चांगलंच असणार, असा त्यांचा हिशेब. केवळरामभाऊंनी शिव्या परत घेतल्या.

"पाय, झालं का नाई अलग?" असं सदूभाऊ नंतर महिनाभर म्हणत होते.

आणि अशा माणसाचं स्वतःचं हॉटेल मात्र बुडत चाललं होतं.

एके काळी ते गिरजाबाईंच्या भज्यांवर चालायचं. गिरजाबाई म्हणजे सदूभाऊंची बायको. बाजारात त्यांच्या भज्यांसाठी लोक बैलबंड्या थांबवायचे म्हणतात. मग गावात देवीची साथ आली, त्यात गिरजाबाई वाचल्या पण डोळे गेले. "आता माह्यापायी हॉटेल बसते," असं म्हणून त्यांनी अन्न सोडलं होतं. सदूभाऊंनी त्यांना शपथ घातली, हॉटेल बसणार नाही म्हणाले आणि झारा स्वतःच्या हातात घेतला. त्यांची भजी कशी होती? मेलेल्या गायीबद्दल वाईट बोललो नाही, तर सदूभाऊंच्या भज्यांबद्दल कशाला बोलू! त्यातच समोर नवं हॉटेल निघालं. तिथे फोनो वाजायचा. गिऱ्हाईक गाणं ऐकत तिकडे वळायचं आणि इकडच्या बाकांवर मी आणि माश्या.

गिरजाबाई बांबूच्या तट्ट्यामागे, मागच्या खोलीत लसूण सोलत बसलेल्या असत. त्या कधी पुढे येत नसत.

"सदूभाऊ, साऱ्या बाजाराला शहाणं केलंत. आता स्वतःसाठी काही करा की," मी एकदा म्हटलं. "निदान ती फळी बदला. सागाच्या जंगलात राहता आणि दाराशी ही रडणारी फळी! माणूस आत यायला दचकतो."

"राहू द्या ना, गुरुजी," एवढंच म्हणाले. एरवी तोंडाला कुलूप नसलेला माणूस.

मला वाटलं, ऐपत नसेल. म्हणून एका सुट्टीच्या दुपारी मी सुतारालाच घेऊन आलो. चांगली घट्ट, गुळगुळीत फळी त्याच्या खांद्यावर होती. सदूभाऊंनी ती पाहिली आणि धावत येऊन आपल्या जुन्या फळीवर उभे राहिले.

"फळीले हात लावाल, त पयले माह्या पायावर करवत चालवा!"

त्यांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग त्यांनाच लाज वाटली असावी. सुताराच्या खांद्यावर हात टाकून, त्याला समजावत ते कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेले. मी बाकावर तोंड पाडून बसलो.

"गुरुजी," तट्ट्यामागून हाक आली. "इकडं या जी."

मी आत गेलो. गिरजाबाईंच्या पुढ्यात लसणाच्या पाकळ्यांचा ढीग होता. एवढा लसूण त्या हॉटेलाला वर्षभर पुरला असता.

"त्यायच्यावर रागावू नोका," त्या म्हणाल्या. "ते फळी वाजते ना, ते मले आइकू याले पायजे म्हनून ठेवली हाय. फळी वाजली का मले समजते, गिऱ्हाईक आलं."

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडू लागला. हातात घेतलेल्या चपला. ती उडी. शिपायाचा तो आवाज.

"म्हणजे सदूभाऊ रोज..."

"रोज येते ना जी! जंगलाचा शिपाई येते, गडचिरोलीचा पाटील येते, सिरोंच्याचा तेलुगू शेठ येते." त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "आन सगळ्यायचाच डावा पाय घासते!"

मी लसणाच्या ढिगापाशी खालीच बसलो.

"पयल्याच दिवशी समजलं मले. पन यायले सांगू नोका बरं. यायले वाटते, हॉटेल भरलं आइकून मी खुश हाय." त्यांनी एक पाकळी चाचपून सोलली. "आन हाय ना मी खुश. माह्यासाठी एवढ्या उड्या कोन मारते, गुरुजी?"

तेवढ्यात पुढे फळी ओरडली. पाठोपाठ डावा पाय जमिनीवरून घासत आला आणि तेलुगू ढंगाचा जाड आवाज घुमला, "ओ अन्ना! ओक चाय!"

गिरजाबाईंनी मला गप्प राहण्याची खूण केली आणि मोठ्यानं हाक दिली, "अवो, सिरोंच्याचे शेठ आले वाटते! लांबून आले, त्यायले गरम भजे द्या!"

"देतो, देतो!" सदूभाऊंचा खराखुरा, फुलून आलेला आवाज पुढून आला. "पन थांब वो जरासी, आज गर्दी लय हाय!"

मी मागच्या दारानं बाहेर पडलो आणि हॉटेलाला वळसा घालून पुढच्या बाजूला आलो. पाय जोरात आपटून फळीवर चढलो आणि जमेल तितका आवाज बदलून ओरडलो, "भाऊ, एक चाय मले बी!"

झारा हातात तसाच धरून सदूभाऊ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे पुसले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आन्तो जी पाटील, बसा ना!"